चाकरीचं मोल

खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात देवगिरीच्या यादव सिंघणाचा एक शिलालेख आहे, इ. स. १२१३-१४ च्या सुमाराचा. मिरिंजी प्रांतातलं कूडलदामवाड हे गाव कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दिल्याची नोंद त्यात आहे. हे कूडलदामवाड म्हणजे आजचं कोल्हापूर जिल्ह्यातलं कुरुंदवाड, असं अभ्यासक सांगतात. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीच्या या कागदात, म्हणजे दगडात, कुरुंदवाड येतं ते कुणाला तरी देऊन टाकलेलं गाव म्हणून. गावाचं उत्पन्न देवाला. देवाच्या नावानं ते पुजाऱ्याला, दिवाबत्ती करणाऱ्याला, वाजंत्र्याला. जो देवळाचं काम करील त्याचं पोट गावानं भरायचं, असा तो साधा करार.

लोकांचं काम करणाऱ्याला बदल्यात काय मिळावं, हा प्रश्न आपल्याकडं फार सोवळेपणानं विचारला जातो. सेवा म्हटली की मोबदल्याचा विषय काढणं अप्रशस्त. पण या मोबदल्याचा माग काढायचा तर कुरुंदवाडइतकी सोयीची जागा नाही. हे गाव अनेकदा मोबदला म्हणून हातोहात गेलं आहे, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांची साखळी इथल्या घाटावर डोळ्यांनी पाहता येते.

घाटावर कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ संताजी घोरपडे यांची समाधी दाखवतात. औरंगजेबाच्या फौजांना ज्यानं कर्नाटकापासून महाराष्ट्रापर्यंत दमवलं, १६९५ च्या अखेरीस दोड्डेरीला कासीमखानाला आणि लगेच पुढच्या जानेवारीत हिंमतखानाला ज्यानं संपवलं, तो सेनापती. राजाराम महाराजांनी सेनापतिपद दिलं, ममलकतमदार हा किताब दिला. पण १६९६ मध्ये पद काढून घेतलं गेलं आणि १६९७ च्या जूनमध्ये शंभूमहादेवाच्या डोंगरात नागोजी माने यांच्या हातून संताजी मारले गेले. सगळ्यांत मोठी चाकरी करणाऱ्याच्या वाट्याला हे आलं. इतिहासकार त्याची कारणं देतात: संताजींचा करडा स्वभाव, धनाजी जाधवांशी वैर, दरबारातलं राजकारण. ती खरीच असतील. पण मला त्यात दुसरं एक दिसतं. किताब देणाऱ्याच्या मर्जीवर असतो. जमीन तशी नसते. म्हणून त्या काळचा प्रत्येक शहाणा माणूस किताबापेक्षा वतन मागायचा.

संताजींनी स्वतः मात्र एक देणं दिलं, आणि ते फार लांब पोचलं. कोकणातल्या म्हापणचा नारो महादेव जोशी हा गरीब मुलगा त्यांच्या पदरी आला, वाढला, कर्तबगार निघाला. इचलकरंजी त्याला त्यांच्याकडूनच मिळाली. धनी मारला गेल्यावर दरबारात त्याचं नाव घेणं धोक्याचं होतं, त्या काळात या जोशानं घोरपडे हे आडनाव लावलं. चित्पावन ब्राह्मणानं मराठा धन्याचं आडनाव कायमचं घेणं ही आपल्या जातिपातीच्या इतिहासातली दुर्मीळ गोष्ट आहे, आणि तिची म्हणावी तितकी दखल आपण घेत नाही. मोबदला सहसा वरून खाली येतो; इथं तो खालून वर गेला.

या इचलकरंजीकर घोरपड्यांकडं कुलोपाध्याय म्हणून आले हरभट पटवर्धन, रत्नागिरीकडच्या कोतवड्याचे. नारो महादेवांचे चिरंजीव व्यंकटराव हे बाळाजी विश्वनाथ पेशव्यांचे जावई, अनूबाईंचे पती. उपाध्यायाच्या मुलांना पुण्याची वाट सापडली ती या नात्यानं. गोविंद हरी, रामचंद्र हरी, त्रिंबक हरी या भावांनी पोथी ठेवून तलवार घेतली. पुढं थोरल्या माधवरावांच्या काळात, १७६४ च्या सुमारास, पटवर्धनांना हजारो स्वारांची पागा बाळगण्यासाठी भला मोठा सरंजाम मिळाला. त्यातून मिरज, सांगली, जमखिंडी, तासगाव, आणि त्रिंबक हरींच्या शाखेकडं कुरुंदवाड. संताजींची समाधी ज्या घाटावर आहे त्याच्या मागं पटवर्धनांचं संस्थान उभं राहिलं ते असं, समाधीतल्या माणसाच्या आश्रिताच्या उपाध्यायाच्या घरातून.

सरंजाम आणि इनाम यांत एक फरक होता, आणि या सगळ्या हकिगतीची मेख तिथं आहे. इनाम दिलं की दिलं. सरंजाम कामासाठी होता: इतके स्वार ठेवा, बोलावलं की या, त्या खर्चासाठी या गावांचा वसूल. काम थांबलं की सरंजाम परत, असा नियम. नियम कागदावर राहिला. बापामागं मुलगा स्वारी करतो, म्हणून सरंजामही मुलाकडं जातो; चार पिढ्यांत तो सरंजाम न राहता दौलत होते, आणि मग दौलतीच्या वाटण्या. कुरुंदवाडातून १८११ मध्ये शेडबाळची पाती वेगळी झाली, १८५४ मध्ये उरलेल्याच्या थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या झाल्या. शेडबाळला वारस नव्हता, ते १८५७ मध्ये खालसा झालं. १८१८ मध्ये पेशवाई गेल्यावर स्वारांचं काम हळूहळू कुणाला नकोसं झालं. इंग्रजांनी दक्षिणी सरदारांकडून आधी ठरावीक स्वार मागितले, पुढं त्याऐवजी दरसाल रोख रक्कम घ्यायला सुरुवात केली. आता गंमत पाहा: ज्या चाकरीसाठी गावं मिळाली ती चाकरी करावी लागू नये म्हणून संस्थान पैसे भरतं, आणि गावं मात्र ठेवतं.

स्वाऱ्या संपल्या तरी घोडे होते. कुरुंदवाडकरांच्या पदरी पागा सांभाळणारे विष्णुपंत छत्रे, मूळ अंकलखोपचे, यांनी इटालियन कियारिनीची सर्कस मुंबईत पाहिली आणि २० मार्च १८८० रोजी स्वतःची सर्कस उभी केली, भारतातली पहिली. सरंजामाच्या पागेतून निघालेली लोकांच्या खरोखर उपयोगाची गोष्ट कोणती, असं कुणी विचारलं तर मी निदान अर्धवट गंभीरपणे हिचं नाव घेईन.

हे झालं वरच्यांचं. गावात खाली हाच कारभार धान्याच्या सुपानं चाले. पाटील, कुलकर्णी वतनदार. सुतार, लोहार, न्हावी, परीट, गुरव, महार, मांग बलुतेदार. नदीकाठच्या गावांत नावाडीही. खळ्यावर रास पडली की ज्याचं त्याचं बलुतं. या पद्धतीची आठवण काढून हळवे होणारे पुष्कळ आहेत. गाव कसं एकमेकांना धरून होतं वगैरे. नावाड्यापुरतं मी ते मान्य करीन. त्यानं पावसाळाभर माणसं, जनावरं, नवरीची वऱ्हाडं पैलतीरी घालायची आणि सुगीला घरोघर सूप घेऊन जायचं. दर खेपेला पैसे न मागणारा माणूस अडल्या रात्रीही नाव सोडतो, यात तथ्य आहे. खेपेचा हिशोब नसला की अडचणीच्या वेळी घासाघीस होत नाही.

पण महार वतनाकडं पाहिलं की हळवेपणा टिकत नाही. गावाच्या वेशीपासून सरकारी टपालापर्यंत, मेलेल्या जनावरापासून पाहुण्या अंमलदाराच्या घोड्याच्या वैरणीपर्यंत सगळं काम, वेळेला बंधन नाही, घरातला एक माणूस आजारी तर दुसऱ्यानं हजर व्हायचं, आणि बदल्यात तुटपुंजी जमीन आणि दारोदारची भाकर. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारं विधेयक आणलं ते यासाठी. त्यांचं म्हणणं, थोडक्यात, हे वतन म्हणजे नोकरी नव्हे, पिढीजात वेठ आहे. सरकारनं ठराविक पगार द्यावा, नाही तर जमीन रयताव्यानं देऊन माणसाला मोकळं करावं. विधेयक अखेर मागं घ्यावं लागलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी त्याआधी दहा वर्षं, १९१८ मध्ये, आपल्या संस्थानापुरतं हे केलं होतं: महार वतनं खालसा करून जमिनी रयताव्यानं दिल्या. त्याच वर्षी कुलकर्णी वतनं बंद करून पगारी तलाठी नेमले. कुलकर्ण्यांनी केवढा आरडाओरडा केला, ते त्या काळची वर्तमानपत्रं चाळणाऱ्याला सांगायला नको.

एकाच वर्षातले हे दोन हुकूम शेजारी ठेवले की दिसतं: एका वतनातून माणसाला सोडवायचं होतं आणि दुसऱ्या वतनातून कामाला. कुलकर्णी जाईना कारण वतनात मिळकत फार, महाराला जाता येईना कारण वतनात सक्ती फार. दोन्हीकडं दोष एकच. मोबदला कामाला बांधलेला असतो तोवर ठीक. तो कामावरून सुटून रक्ताला बांधला गेला, की कुणाच्या तरी पोराला न केलेल्या कामाचं खायला मिळतं आणि कुणाच्या तरी पोराला न पत्करलेलं काम जन्मभर करावं लागतं. मुंबई राज्यानं परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं रद्द केली, कनिष्ठ गावकामगारांची वतनं १९५८ च्या कायद्यानं, आणि मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं. वतन गेलं, पण वेशीवरचं काम राहिलं. ते पगारी कोतवालाकडं आलं. पाटलाचं पोलीस काम १९६७ च्या कायद्यानं पोलीस पाटलाकडं.

मधल्या काळात पुण्यात एक निराळी कल्पना रुजत होती, आणि तिचं एक मूळही या जिल्ह्यात आहे. गोपाळ कृष्ण गोखले कागल आणि कोल्हापूरला शिकले. वडील गेल्यावर थोरल्या भावानं, गोविंदरावांनी, स्वतःचं शिक्षण सोडून पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये दरमहा गोपाळच्या शिक्षणाला पाठवले. पुढं डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणून गोखल्यांनी पंचाहत्तर रुपयांवर काम केलं आणि १९०२ मध्ये तीस रुपये पेन्शनवर ते मोकळे झाले. त्यांच्या विद्वत्तेला सरकारी नोकरीत कितीतरी पट मिळालं असतं. १२ जून १९०५ रोजी त्यांनी भारत सेवक समाज स्थापन केला. सदस्यांच्या सात प्रतिज्ञांमधली एक अशी, की संस्था कुटुंबाच्या निर्वाहासाठी देईल तेवढ्यात समाधान मानीन आणि स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवणार नाही.

फुकट काम करा असं गोखले म्हणाले नाहीत, हे लक्षात घ्यायला हवं. निर्वाह संस्थेचा, पण तो माणसाच्या योग्यतेवरून ठरायचा नाही, गरजेवरून ठरायचा. आणि मुलाकडं जायचा नाही. सरंजामाच्या बरोबर उलट. सांगली संस्थानात इंजिनिअर म्हणून काम केलेले, म्हणजे पटवर्धनांचंच मीठ खाल्लेले, अमृतलाल ठक्कर मुंबई महापालिकेची नोकरी सोडून १९१४ मध्ये या समाजात आले ते ठक्करबाप्पा झाले. असली माणसं थोडी असतात, आणि त्यांच्यावर सगळी व्यवस्था उभी करता येत नाही. गोखल्यांनाही ते माहीत असावं. म्हणून तर सदस्य निवडताना ते एवढे चोखंदळ होते.

८ मार्च १९४८ रोजी दक्षिणेतल्या इतर संस्थानांबरोबर कुरुंदवाडच्या दोन्ही पात्या मुंबई प्रांतात विलीन झाल्या. राजांना तनखे लागले, तेही १९७१ मध्ये घटनादुरुस्तीनं बंद झाले. आता देणारं होतं स्वतंत्र देशाचं सरकार, आणि त्यानं ज्यांच्यासाठी केलं ते लढ्यातले लोक. याच शिरोळ भागातले निमशिरगावचे रत्नाप्पा कुंभार भूमिगत राहिले, संस्थानी प्रजेसाठी लढले, संविधान सभेत बसले, साखर कारखाना उभारला. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. सामान्य स्वातंत्र्यसैनिकांसाठी १९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पंचविशीला, निवृत्तिवेतन आणि ताम्रपट आले. अनेकांनी पेन्शन नाकारली. तुरुंगात गेलो तो पगारासाठी नव्हे, म्हणाले. नाकारणारे थोर होते, पण घेणाऱ्यांना कमी लेखणं मला पटत नाही. ज्याची शेती सावकाराकडं गेली, शाळा सुटली, त्यानं म्हातारपणी महिन्याला दोनशे रुपये घेतले तर त्याचा लढा उणा होत नाही. खरा घोळ वेगळीकडं झाला. भूमिगत राहिल्याचा पुरावा म्हणजे दुसऱ्या स्वातंत्र्यसैनिकाचं प्रमाणपत्र. बीड जिल्ह्यात बनावट स्वातंत्र्यसैनिकांची प्रकरणं इतकी निघाली की न्यायमूर्ती पालकर यांचा चौकशी आयोग नेमावा लागला. सेवेची सनद तयार झाली की बनावट सनदही होते. इनामांचे हक्क तपासणाऱ्या इंग्रजांच्या जुन्या इनाम कमिशनसमोरसुद्धा खोटे कागद काही कमी आले नव्हते.

आता वळू मानधनाकडं. १९७५ पासून अंगणवाडीताई, २००५ नंतर आशाताई. सरकारदरबारी त्या कर्मचारी नव्हेत, स्वयंसेविका. बाळंतपणाला दवाखान्यात ने, लसीकरणाची यादी कर, वजनं घे, सर्वेक्षण भर, करोनात दारोदार ऑक्सिमीटर घेऊन फीर. आणि मोबदला कामागणिक किंवा महिन्याला मानाचा. इथं मला गोखल्यांची प्रतिज्ञा आठवत नाही, वेशीवरचं वतन आठवतं: काम ठरवून दिलेलं, नाही म्हणायची सोय नाही, आणि देण्याला पगार म्हणायचं नाही. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गुजरातमधल्या एका प्रकरणात अंगणवाडी सेविका-मदतनीस ग्रॅच्युइटीला पात्र आहेत असा निकाल दिला. मानधन हे नाव असलं तरी ते वेतनच, हा त्यातला मुद्दा. महाराष्ट्रात पोलीस पाटलांचं मानधन २०२४ मध्ये साडेसहा हजारांवरून पंधरा हजार झालं. मोर्चे काढल्याशिवाय यातलं काही झालेलं नाही. सेवाभावाची सर्वाधिक स्तुती जिथं चालते तिथली वेतनचिठ्ठी आधी पाहावी, अशी मी सवय लावून घेतली आहे.

मानाचा भाग उरला. पेशवाईत पदाबरोबर वस्त्रं मिळायची, सन्मानाला शेला-पागोटं. त्यांचीच वंशज आजची शाल आणि श्रीफळ, असं मी तरी मानतो. कोल्हापूर जिल्ह्यात त्यात फेट्याची भर आणि चौकातल्या डिजिटल फलकाची. टिंगल करणं सोपं आहे. पण मंडळाच्या कार्यकर्त्याकडं पाहा. कुरुंदवाडात पाच मशिदींमध्ये गणपती बसतो. मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले की पंजे आणि मूर्ती एकाच छताखाली असतात. हे आपोआप होत नाही. वर्गणी, वीज, पोलिसांची परवानगी, मिरवणुकीची वाट, दोन्हीकडच्या रुसव्याफुगव्यांची समजूत, हे सगळं काही जण दहा दिवस पदरमोड करून निस्तरतात, तेव्हा बातमीदाराला छान फोटो मिळतो. त्या माणसांना काय मिळतं? एक टी-शर्ट, फलकावर नखाएवढा फोटो, आणि गावात शब्दाला वजन. हे शेवटचं खरं. कुणाचं भांडण मिटवायचं असलं, दवाखान्यात ओळख काढायची असली, की लोक त्याच्याकडं येतात. लोक येतात म्हणून तो बरा वागतो, निदान आपण बरे वागतो असं दिसावं याची काळजी घेतो. नगरसेवकाला मिळणारं मानधन कुणाचं घर चालवण्याएवढं नसतं, तरी जागेसाठी झुंबड असते. त्यात ठेके आणि टक्केवारीचा वाटा मोठा असेल, पण सगळा तोच नव्हे. माणसाला आपली कुणाला तरी गरज आहे हे कळायला हवं असतं. ते पागेनं कळो की पदानं.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत हे सगळं एकदम बाहेर आलं. कृष्णा आणि पंचगंगा एकमेकींना तुंबवतात, शिरोळ तालुक्यातली गावं बेटं होतात. पाणी चढायला लागलं की दवंडी कोतवाल देतो, याद्या तलाठी आणि पोलीस पाटील करतात, गरोदर बायका कुठल्या घरात आहेत हे आशाताईला पाठ असतं. सैन्य, एनडीआरएफ, कोल्हापूरची व्हाइट आर्मी पोचेपर्यंतचे तास हेच लोक निभावतात. आणि ज्याच्याकडं जे तरंगतं ते घेऊन निघालेले शेजारी. कुठं होडी, कुठं ट्रॅक्टरच्या ट्यूब, कुठं गुऱ्हाळातली गूळ आटवायची काईल. यात शौर्य असतं तसा धोकाही. ऑगस्ट २०१९ मध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावची होडी उलटून डझनाहून अधिक माणसं गेली, त्यानंतर नुसत्या धाडसाचं कौतुक करताना जीभ अडखळते. लाइफ जॅकेट, चांगल्या यांत्रिक होड्या आणि शिकवलेले वल्हवणारे हे गावाच्या अंदाजपत्रकात हवेत, सत्काराच्या भाषणात नव्हे.

पूर ओसरला की पंचनामे. घर किती पडलं, जनावरं किती वाहिली, ऊस किती दिवस पाण्याखाली होता. काईल कुणाची होती आणि ती रात्रभर कुणी वल्हवली, याला त्या कागदात रकाना नाही, आणि तो असावा असंही मला वाटत नाही. रकाना झाला की पुढच्या पुराला काईलींपेक्षा काईलवाले जास्त निघतील. पण बुडाचा पत्रा चेपला म्हणून काईलीचा मालक दुरुस्तीचे पैसे मागायला नगरपालिकेत आला, तर त्याला सेवेचं व्याख्यान न देता पैसे द्यावेत.